तीन नावं, एकच पोट

अगं, रिपोर्ट वाचला. एसएमए सिंड्रोम, नटक्रॅकर, आणि खाली बारीक अक्षरात 'मीडियन आर्क्युएट लिगामेंटचा दाब, लक्षणांशी ताळमेळ पाहावा'. तीन नावं एकाच कागदावर. तुझा मेसेज पहाटे पावणेतीनचा आहे, म्हणजे रात्रभर गुगल करत बसली होतीस. ते आता ठेव बाजूला. फोनवर बोलायला गेलं की मागून काकू बोलते, काका बोलतात, आणि तू नुसती 'हो ताई, हो ताई' करतेस. म्हणून लिहितेय. लांबण लागेल, पण शेवटपर्यंत वाच.

मी डॉक्टर नाही हे तुला माहीतच आहे. सीटीच्या काचेमागे बसून 'श्वास घ्या, धरा, सोडा' म्हणणारी टेक्निशियन आहे मी. औषध सांगणार नाही. पण ही चित्रं कशी निघतात, त्यांत काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे माझं रोजचं काम आहे. त्या जोरावर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. कागदावर तीन नावं आली म्हणजे तुला तीन रोग झाले असं नाही, आणि तीन ऑपरेशनं लागणार असं तर मुळीच नाही. चित्रात दाब दिसणं वेगळं आणि तुझं पोट त्या दाबामुळेच दुखणं वेगळं. या दोहोंची सांगड घालून देणारा डॉक्टर शोधणं, हे खरं पुढचं काम.

पोटात काय चाललंय ते आधी नीट समजून घे, निम्मी भीती तिथेच उतरेल. हृदयाकडून आलेली महाधमनी पाठीच्या कण्याला चिकटून खाली येते. छाती आणि पोटाच्या मधला पडदा, म्हणजे श्वासपटल, ओलांडून ती पोटात शिरली की लगेच पुढच्या बाजूने पहिला मोठा फाटा निघतो, सीलिअक धमनी. जठर, यकृत, प्लीहा यांना रक्त तिथून. साधारण सेंटीमीटरभर खाली दुसरा फाटा, एसएमए, म्हणजे सुपीरियर मेसेंटेरिक धमनी. जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा बराच भाग याच्यावर जगतो. हा दुसरा फाटा निघतो पुढे आणि वळतो खाली. त्यामुळे त्याच्यात आणि मागच्या महाधमनीत एक अरुंद कोन पडतो. त्या कोनातून दोन गोष्टी आडव्या जातात. वरून डाव्या किडनीचं रक्त परत नेणारी शीर, आणि तिच्या खालून ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याचा, तिसरा भाग. त्यांना जागा मिळते ती त्या कोनात भरलेल्या चरबीमुळे.

चरबी हा शब्द ऐकून तोंड वाकडं करू नकोस. ही पोटावर दिसणारी चरबी नव्हे. हा कोन साधारणपणे 25 ते 60 अंशांचा असतो आणि दोन धमन्यांमधलं अंतर 10 ते 28 मिलिमीटर. तुझ्या रिपोर्टात कोन 17 अंश आणि अंतर 6 मिलिमीटर लिहिलंय. टायफॉइडमध्ये वजन उतरलं, मग हॉस्टेलची मेस आवडेना म्हणून आणखी उतरलं, आणि उंची तर तुला आजोबांची. आतली ती गादी झिजली आणि कोन मिटत आला. आता जेवलेलं अन्न जठरातून निघतं, ड्युओडेनममध्ये येतं आणि त्या फटीशी अडतं. म्हणून तुला चार घासांत पोट गच्च होतं, तासाभराने बेंबीच्या वर दुखतं आणि कधी हिरवट-पिवळी उलटी होते. हे झालं एसएमए सिंड्रोम. त्याच कोनात वरची शीर दाबली गेली, अडकित्त्यात सुपारी धरावी तशी, तर डाव्या किडनीचं रक्त तुंबतं. डाव्या कुशीत दुखतं, लघवीत रक्त उतरतं, कधी डोळ्यांना दिसेल असं तर कधी नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली. ते नटक्रॅकर.

बघ, कोन एकच आहे. म्हणून ही दोन नावं एकत्र येणं हे दुप्पट दुर्दैव नव्हे, एकाच कारणाची ती दोन टोकं असू शकतात.

तिसरं नाव वरच्या मजल्यावरचं. श्वासपटलाच्या दोन बाजूंना जोडणारा एक तंतुमय पट्टा महाधमनीच्या पुढून कमानीने जातो, तोच मीडियन आर्क्युएट लिगामेंट. बहुतेकांत तो सीलिअक धमनीच्या उगमाच्या वर असतो. काहींत जन्मतःच जरा खाली असतो आणि धमनीच्या मुळावर रुततो. श्वास सोडला की धमनीचं मूळ वर सरकून त्याच्याखाली जास्त दाबलं जातं, श्वास भरून घेतला की दाब कमी होतो. यातही जेवणानंतर पोट दुखतं, माणूस खायला घाबरतो आणि वाळत जातो. दुखणं रक्त कमी पडल्यामुळे की तिथल्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर दाब आल्यामुळे, यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही.

आता हे तिन्ही एकमेकांना कसं धरून ठेवतात ते बघ. पट्ट्यामुळे दुखतं म्हणून तू कमी खाल्लंस, वजन उतरलं, चरबी गेली, कोन मिटला, आतडं आणि शीर दोन्ही दाबली गेली, उलट्या सुरू झाल्या, वजन आणखी उतरलं. किंवा सुरुवात टायफॉइडपासून झाली असेल आणि पट्टा जन्मापासून निमूट बसलेला असेल, कधी त्रास न देता. तुझ्या बाबतीत कुठून सुरुवात झाली हे एका सीटीवरून कुणीच सांगू शकणार नाही. त्यासाठी तुझी हकीकत लागते. आणि ती तुझ्याशिवाय कुणाकडे नाही.

आणखी एक. लहानपणी तू अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवायचीस आणि आम्ही सगळी चुलत भावंडं किंचाळायचो, आठवतं? सांधे असे वाजवीपेक्षा लवचीक असणाऱ्यांत, एहलर्स-डॅनलॉस नावाच्या संयोजी ऊतींच्या विकारांत, असे दाब एकापेक्षा जास्त ठिकाणी आढळल्याची वर्णनं आहेत. तुला ते आहेच असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना अंगठा दाखव, खांदा दोनदा निखळला होता तेही सांग. पोटाच्या डॉक्टरांना खांद्याचं काय सांगायचं, असं मनात आणू नकोस.

इथे जरा थांबते, कारण घाबरून ऑपरेशनच्या मागे लागणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. 1957 साली मे आणि थर्नर या दोघांनी 430 मृतदेह तपासले. कमरेखाली उजवीकडची धमनी डाव्या पायाच्या मोठ्या शिरेवरून जाते, तिथे शिरेच्या आत दाबामुळे घट्टे पडलेले त्यांना दिसले, 22 टक्के देहांत. म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त. ही सगळी माणसं काही पाय सुजून मेली नव्हती. आर्क्युएट पट्ट्याचंही तेच. काहीही त्रास नसलेल्या माणसांतसुद्धा 10 ते 24 टक्क्यांत सीलिअकवर थोडाफार दाब सापडतो. आमच्या मशीनला दाब दिसतो, दुखणं दिसत नाही. पोटाचा सीटी आम्ही साधारणपणे श्वास भरून धरायला लावून काढतो. कुणी श्वास सोडलेल्या अवस्थेत काढला, तर तोच पट्टा जास्त रुतलेला दिसेल. त्यामुळे 'श्वास कोणत्या अवस्थेत होता' हा प्रश्न तुझ्या रेडिओलॉजिस्टला जरूर विचार, त्यात काही उद्धटपणा नाही. पट्ट्याची शंका असेल तर डॉप्लर सोनोग्राफीत श्वास घेऊन आणि सोडून, दोन्ही वेळा रक्ताचा वेग मोजतात. किडनीच्या शिरेचा डॉप्लरही झोपून आणि उभं राहून केला तर फरक कळतो. घाईत हे होत नाही. गर्दीच्या वारी सकाळी अकराला जाऊ नकोस, वेळ ठरवून जा.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. 'असं काही नसतंच, सगळं मनाचं आहे' म्हणणारे तुला भेटतील. त्यांना सांग, एडिंबराचे सर्जन विल्की यांनी 1927 मध्येच ड्युओडेनमच्या या अडथळ्याच्या 75 रुग्णांची हकीकत छापली होती, म्हणून त्याला विल्कीचा विकारही म्हणतात. आर्क्युएट पट्ट्याचं दुखणं फिनलंडच्या हार्योला यांनी 1963 मध्ये मांडलं, दोन वर्षांनी डनबार यांनी. नटक्रॅकर हे नाव 1972 पासूनचं. यूट्यूबवर कालपरवा जन्मलेले हे आजार नाहीत. दुर्मीळ आहेत, एवढंच.

काकूवर चिडू नकोस. पोटदुखी म्हटलं की आपल्याकडे आधी पित्त, मग गॅसेस, मग 'हल्लीच्या मुली जेवतातच कुठे', आणि शेवटी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणं. तिचा क्रम तिच्या आईचा आहे. आणि खरं सांगू, पित्त, पित्ताशयातले खडे, अल्सर, आतड्याचा क्षयरोग, क्रोन्स, थायरॉइड हे सगळं आधी तपासून बाजूला सारायलाच हवं. आपल्या देशात वजन उतरतं आणि पोट दुखतं तेव्हा क्षयरोगाचा विचार न करणारा डॉक्टर मला तरी चालणार नाही. दुर्मीळ नाव मिळालं म्हणून नेहमीचं कारण विसरायचं नसतं. तुझी दुर्बिणीची तपासणी नॉर्मल आली ती वाया गेली नाही, तिने बरंच काही वगळलं.

मामी मात्र काल म्हणाली म्हणे, 'सीलिअक आहे ना, मग गहू बंद कर.' नको गं बाई! गव्हाने त्रास होतो तो सीलिअक आजार निराळा, त्याची रक्ताची तपासणी निराळी, आणि तुझी निगेटिव्ह आहे. ही धमनी आहे. पोळी सोडून आणखी दोन किलो घालवशील.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे तू मागच्या आठवड्यात रडलीस. त्या डॉक्टरांनी विचारलं, 'मुद्दाम उपाशी राहतेस का, बारीक व्हायला?' तुला तो आरोप वाटला. विचारण्याची पद्धत चुकली असेल, पण प्रश्न चुकीचा नव्हता. खाण्याच्या विकारांत वजन उतरूनही हाच कोन मिटतो. दोन्ही एकाच वेळीही असू शकतं. आणि सुरुवात पोटातूनच झाली असली, तरी जेवल्यावर दर वेळी दुखत असेल तर ताट समोर आलं की छातीत धडधडणारच. त्या भीतीला मदत घ्यायला मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलीस तर तू खोटी ठरत नाहीस. मी तर म्हणते, जा. पण 'मनाचं आहे' असं ठरवून सीटीची फाइल कुणी बंद केली, तर ती परत उघडायला लाव.

आणि बाहेर लोक काय म्हणतात? 'किती छान बारीक झालीस, आम्हालाही सांग काय करतेस.' लग्न ठरलेल्या मुलीला तर हे रोज ऐकावं लागतं. ब्लाउजचं माप देताना शिंपीणबाईंनी कौतुक केलं म्हणून तू मला फोटो पाठवलास, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता.

बहुतेकांत उपचाराची पहिली पायरी वजन वाढवणं हीच असते, चाकू नाही. चरबी परत आली की कोन उघडतो, आणि आतडं व शीर दोघांनाही जागा होते. म्हणायला सोपं, कारण खाल्लं की दुखतं. म्हणून युक्तीने. दिवसातून दोन ताटं विसर. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर. पातळ गोष्टी फटीतून लवकर सरकतात. तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचं खिमट, नाचणीचं सत्त्व दुधात, केळं कुस्करून दुधात, घोटलेलं वरण. त्यात तूप घाल, पण चमचाभरच, एकदम जास्त स्निग्ध झालं तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, भाकरी, सुका मेवा अख्खा, हे सध्या कमी. पौष्टिक असलं तरी पोट लगेच भरून टाकतं. डॉक्टर प्रोटीन-कॅलरीची पावडर देतील तर 'केमिकल' म्हणून नाक मुरडू नकोस. जेवल्यावर उताणी झोपू नकोस. डाव्या कुशीवर, किंवा पालथी, किंवा गुडघे छातीशी घेऊन पड. त्या अवस्थेत एसएमएचा दाब हलका होतो, आणि तसं केल्यावर बरं वाटतं का हे टिपून ठेव. डॉक्टरांना हा फार मोलाचा पुरावा असतो.

उपवास या वर्षी नाही. नवरात्र नाही, संकष्टी नाही, सोळा सोमवार तर नाहीच. दिवसभर उपाशी राहून चंद्रोदयानंतर एकदम जेवण, म्हणजे तुझ्या पोटासाठी सगळ्यात वाईट वेळापत्रक. आजीला मी सांगते, तुझी सुटका मी करून घेते.

आणि इथे एक सावधगिरी, ही फारशी कुणी सांगत नाही. जे खूप दिवस फारच कमी खात आले आहेत त्यांना एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयालाही धोका होतो. तुझं वजन बरंच उतरलंय. त्यामुळे काकूने डिंकाचे लाडू, शिरा आणि अंडी एकदम सुरू करण्याआधी फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमची रक्ततपासणी करून घ्या, आणि व्हिटॅमिन बी-1 द्यायचं का हे डॉक्टरांना विचारा. आहारतज्ज्ञाने आखून दिलेला आहार हळूहळू वाढव. तोंडाने पुरेसं गेलंच नाही तर नाकातून बारीक नळी फटीच्या पलीकडे, जेजुनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या पुढच्या भागापर्यंत सोडून दूध-पावडर देतात. दिसायला भयंकर, पण कित्येकांचं ऑपरेशन तेवढ्याने टळतं. साखरपुड्याच्या फोटोत नळी दिसेल म्हणून नाही म्हणालीस तर मी येऊन कान धरीन.

आता काकूसमोर बोलता येणार नाही ते. तू एकदा म्हणालीस, पाळीच्या आधी डावीकडे ओटीपोटात ओढ लागते, दिवसभर उभं राहिलं की वाढते, आडवं झालं की उतरते. त्याचा संबंध किडनीच्या त्या शिरेशी असू शकतो. बाईच्या डाव्या अंडाशयाची शीर थेट डाव्या किडनीच्या शिरेला मिळते, उजवी मात्र थेट पोटातल्या मोठ्या शिरेला. किडनीची शीर कोनात दाबली गेली की रक्त उलटं खाली वळतं, अंडाशयाच्या आणि गर्भाशयाभोवतीच्या शिरा फुगतात. त्याला पेल्विक कंजेशन म्हणतात. पुरुषांत याच कारणाने डाव्या वृषणाच्या शिरा फुगतात. पाळीत ठणका जास्त, आणि लग्नानंतर संबंधांच्या वेळी किंवा नंतर बराच वेळ दुखत राहणं, हेही त्यातलंच. पोटाचा डॉक्टर हे विचारणार नाही आणि तू सांगणार नाहीस, असं होऊ देऊ नकोस. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे वेगळी जा, तुझा सीटी तिलाही दाखव. 'सगळ्याच बायकांना दुखतं' हे उत्तर घेऊन परत येऊ नकोस.

लघवीची तपासणी पाळीच्या दिवसांत देऊ नकोस, रक्त दिसलं तर कुठलं ते कळणार नाही. प्रथिनं तपासायची असतील तर सकाळी उठल्याउठल्याची पहिली लघवी आणि दुपारची, दोन्ही द्यायची का हे विचार. नटक्रॅकरमध्ये उभं राहिल्यावरच प्रथिनं उतरणं, आणि रात्रभर झोपून उठल्यावर न उतरणं, असं होतं.

डाव्या पायाचं विसरू नकोस. मे आणि थर्नर यांनी सांगितलेला तो खालचा दाब तुझ्या सीटीत लिहिलेला नाही, पण एका दाबासोबत दुसरे सापडतात म्हणून डॉक्टर पाहतीलच. संध्याकाळी फक्त डावा पाय जड होतो का, चपलेचा पट्टा रुततो का, एवढं बघ. आणि देवाच्या कार्याला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्या घरात बिनधास्त वाटल्या जातात. त्या तू या वेळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेणार नाहीस, तुझ्याच हळदीला पाळी आली तरी. त्या गोळ्यांनी आणि इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि शीर आधीच दाबलेली असेल तर विचार करूनच घ्यायला हव्यात. एक पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम लागला, किंवा दम लागून छातीत दुखलं, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. तसंच उलट्या थांबेनात, पोट फुगलं, दिवसभर लघवी झाली नाही, चक्कर येऊन पडलीस, लघवीत रक्ताच्या गाठी आल्या, तर थेट इमर्जन्सीत.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात, कारण तुझी ती वेळ आली आहे असं मला वाटत नाही. आतड्यासाठी अडथळ्याच्या अलीकडून जेजुनमला नवा जोड देतात, दुर्बिणीतूनही होतं. पट्ट्यासाठी तो कापून धमनी मोकळी करतात आणि मज्जातंतूंचं ते जाळंही सोडवतात. त्याआधी त्या जाळ्याला बधिर करणारं इंजेक्शन देऊन काही काळ दुखणं जातं का हे पाहण्याची पद्धत आहे. मला ती चाचणी शहाणपणाची वाटते. किडनीची शीर जागा बदलून पुन्हा जोडता येते. शिरेत स्टेंट टाकायचा सल्ला कुणी दिला तर तुझ्या वयात दोनदा विचारून घे. किडनीच्या शिरेतला स्टेंट सरकून हृदयापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. पौगंडावस्थेतल्या मुलांचं नटक्रॅकर तर वजन-उंची सावरल्यावर पुष्कळदा आपोआप निवतं, म्हणून तिथे दोनेक वर्षं थांबून पाहतात.

तीन दाब असतील तर आधी कोणता सोडवायचा? ठरलेला क्रम नाही. पट्टा सोडवला आणि मुलगी जेवायला लागली, वजन भरलं, तर खालचा कोन आपोआप उघडू शकतो. उलट फक्त आतडं जोडून दिलं तर किडनीची शीर होती तिथेच दाबलेली राहते. म्हणून पोटाचे सर्जन, रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून बोलतात अशा ठिकाणीच हा निर्णय व्हावा. एकट्या माणसाने एका भेटीत 'पुढच्या मंगळवारी करून टाकू' म्हटलं तर नमस्कार करून उठ आणि दुसरं मत घे. आणि विचार, या ऑपरेशनने माझं नेमकं कोणतं दुखणं जाईल, आणि नाही गेलं तर पुढे काय? पट्टा कापूनही काहींचं दुखणं राहतं. हे आधीच स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरवर मी जास्त विश्वास ठेवीन.

राहिला प्रश्न तुझ्या होणाऱ्या सासरी सांगायचं का. काकू म्हणते लग्न होईपर्यंत गप्प. माझं मत उलटं आहे. सगळ्या नातेवाइकांना फाइल दाखवायची गरज नाही, पण मुलाला तू स्वतः सांग, आई-वडिलांमार्फत नाही. कोन, शीर, आतडं, सगळं चित्र काढून सांग. पुढे गरोदरपणात पायाच्या गुठळीकडे, वजनाकडे लक्ष द्यावं लागेल, तेव्हा ते त्याला माहीत असलेलं बरं. ऐकून तो काय विचारतो यावरून तुला पुष्कळ काही कळेल.

सोमवारी डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नको, सीटीची सीडी ने. डॉक्टरांना बाजूने कापलेली चित्रं स्वतः पाहायची असतात. वही ने: रोज सकाळी एकाच काट्यावरचं वजन, काय खाल्लं, किती वेळाने दुखलं, कोणत्या कुशीवर बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वीचा एखादा पोटाचा स्कॅन असेल तर कपाटातून शोधून काढ, तेव्हाचा कोन किती होता हे त्यातून मोजता येईल. मी रविवारी रात्रीच्या गाडीने येते, आत तुझ्याबरोबर मी बसेन, काकू बाहेर थांबेल. आणि डॉप्लर किंवा सीटी अँजिओ त्याच दिवशी ठरला तर किती तास उपाशी राहायचं, हे उद्याच फोन करून विचारून ठेव. त्यापेक्षा एक तासही जास्त उपाशी राहू नकोस.